‘विहार’ म्हणजे राहायची जागा की फिरणं?

पैनगंगाकाठ
सर्वांना जय भीम, नमस्कार.
आमच्या गावातल्या विहाराची टिनं यंदा उन्हाळ्यात उतरवली. स्लॅब पडला, गिलावा झाला. आता दर्शनी भिंतीवर नाव घालायचं आहे आणि तिथंच गाडी अडली. बैठकीत पुण्याला शिकणारा एक मुलगा शब्दकोशाचं पान मोबाईलवर काढूनच आला होता. विहार म्हणजे क्रीडा, मौजेनं हिंडणं. जलविहार, नौकाविहार, वनविहार. त्याचा प्रश्न असा की आपण जिथं त्रिशरण-पंचशील घेतो त्या जागेला सहलीचं नाव कसं? ‘बुद्ध मंदिर’ नाहीतर ‘धम्म केंद्र’ लिहू या, असं त्याचं म्हणणं. वडीलधाऱ्यांना हे अजिबात पटलं नाही. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आजोबा-पणजोबांनी वर्गणी काढून चार भिंती उभ्या केल्या, तेव्हापासून तो विहारच. पण विहारच का, हे कोणाला धड सांगता येईना.
दुसरी गोष्ट. आमच्या वस्तीतल्या आज्या ‘विहार’ म्हणत नाहीत, ‘इहार’ म्हणतात. एक आजी बोलायला उठल्या, ‘इहाराचं नाव’ एवढं म्हणाल्या आणि दोन-तीन पोरं फिसकन हसली. आजी खाली बसल्या, पुन्हा बोलल्याच नाहीत. मला ते फार लागलं.
तर जाणकारांनी सांगावं. हा शब्द मुळात कुठला, त्याचा अर्थ काय, आणि बाहेरच्या बौद्ध देशांत तो आहे का?

पाली_वाचक
ताई, प्रश्न चांगला आहे. सविस्तर लिहितो.
शब्दाचं मूळ ‘वि’ अधिक ‘हृ’. हृ म्हणजे नेणं, घेऊन जाणं. आहार, प्रहार, संहार, परिहार ही सगळी त्याच घरची लेकरं. विहरणं म्हणजे इकडे-तिकडे जाणं, आणि त्यावरूनच काळ घालवणं. मराठीनं आणि संस्कृत काव्यानं यातला फिरण्याचा, रमण्याचा अर्थ जास्त वापरला. पालीनं काळ घालवण्याचा, म्हणजे राहण्याचा अर्थ उचलला.
सुत्तांची, म्हणजे बुद्धांच्या पाली उपदेशांची, सुरुवात आठवा: ‘एवं मे सुतं. एकं समयं भगवा सावत्थियं विहरति जेतवने अनाथपिण्डिकस्स आरामे.’ असं मी ऐकलं, एके समयी भगवान श्रावस्तीत अनाथपिंडिकाच्या जेतवनात राहत होते. ‘विहरति’ इथं सरळ राहण्यासाठी आलंय. शेकडो सुत्तं याच क्रियापदानं सुरू होतात. तेव्हा त्या मुलाचा शब्दकोश बरोबर आहे, फक्त त्यानं उघडलेलं पान मराठीचं होतं.
आता जागेकडे येऊ. विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ, त्यातल्या चुल्लवग्ग या भागात एक गोष्ट आहे. सुरुवातीला भिक्खूंना निवारा ठरवून दिलेला नव्हता. ते रानात, झाडाखाली, डोंगरावर, घळीत, गुहेत, मसणात, उघड्यावर आणि ‘पलालपुञ्जे’ म्हणजे तणसाच्या ढिगावर राहत. पहाटे ते तिथून निघाले की त्यांची चाल, त्यांची नजर, सगळं शांत. राजगृहाच्या एका शेठजीनं हे पाहिलं आणि विचारलं, मी तुमच्यासाठी विहार बांधले तर राहाल का? भिक्खूंनी जाऊन भगवंतांना विचारलं. त्यांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना परवानगी दिली: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. शेठजीनं एका दिवसात साठ विहार उभे केले, असं तिथं लिहिलंय.
साठ हा आकडा नीट पाहा. एका दिवसात साठ व्हायचे तर विहार म्हणजे नालंदेसारखी भव्य वास्तू नव्हे, एकेका भिक्खूची झोपडी. पुढे हाच शब्द अनेक खोल्यांच्या अख्ख्या वास्तूला लागला आणि नंतर ‘महाविहार’ झाला.
त्या पाचही निवाऱ्यांना मिळून तिथं ‘लेण’ म्हटलंय. आपली मराठी ‘लेणी’ ती हीच.

कारंजेकर
मी जैन आहे, कारंजा लाडचा. आमच्या घरात ‘विहार’ शब्द रोजच्या वापरातला आहे, पण अर्थ वरच्या अर्थाच्या अगदी उलट. ‘महाराजांचा उद्या पहाटे विहार आहे’ म्हणजे ते उद्या पहाटे इथून निघणार, अनवाणी, पुढच्या गावाकडे. ‘विहाराला चला’ म्हणजे दोन-चार कोस सोबत चालायला चला. लहानपणी वडिलांचा हात धरून डांबरी रस्त्याच्या कडेनं असा चाललोय, अजून आठवतं. चातुर्मासात मात्र विहार बंद, मुनी एकाच गावी थांबतात.
म्हणजे बौद्धांकडे विहार म्हणजे थांबायची जागा आणि आमच्याकडे जागा सोडून निघणं. दोन्ही श्रमणांचेच धर्म, मग असं कसं?

पाली_वाचक
कारंजेकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच ‘चातुर्मास’ शब्दात आहे. बुद्धांचे भिक्खूही वर्षभर फिरतच असत. आधी ते पावसाळ्यातही फिरायचे. लोक कुरकुर करू लागले: हे शाक्यपुत्रीय श्रमण हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही हिंडतात, हिरवं गवत तुडवतात, एकेंद्रिय जिवांना इजा करतात. इतर पंथांचे लोक पावसात एका जागी राहतात. पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून बसतात! विनयपिटकाच्या महावग्गात हे आलंय. ‘एकेंद्रिय जीव’ हे शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील. त्यानंतर तीन महिन्यांचा वर्षावास ठरला.
म्हणजे दोन्हीकडे आठ-नऊ महिने चालणं आणि पावसाळ्यात थांबणं. जैनांनी शब्द चालण्याला ठेवला, बौद्धांनी थांबण्याच्या जागेला. आयुष्यक्रम एकच.

वाशीमकर
लेण्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या वाशीमचं सांगतो. अजिंठ्याची लेणी औरंगाबादकडची, आपला काय संबंध, असं इकडच्या पोरांना वाटतं. पण अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं खोदवून घेतलं वराहदेवानं. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा आणि वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. इसवी सनाच्या पाचव्या शतकातली गोष्ट. तिथला शिलालेख आजही लेण्याच्या दर्शनी भिंतीवर आहे.
अजिंठ्यात ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहं, म्हणजे आत स्तूप असलेली वंदनेची दालनं, बाकीचे जवळपास सगळे विहार. मधे चौक, तिन्ही बाजूंना खोल्या. १२ नंबरमध्ये खोल्यांत दगडातच कोरलेले झोपायचे ओटे आहेत. चौकट बसवायच्या खाचा हातानं चाचपता येतात. विहार म्हणजे राहायची जागा हे मला कुठल्याही कोशापेक्षा त्या ओट्यांनी पटवलं.
आणि अजिंठाच कशाला? भद्रावतीची विजासन लेणी आहेत, पातूरची लेणी आहेत, पवनीला जगन्नाथ टेकडीचा स्तूप १९६९-७० च्या उत्खननात निघाला. विदर्भाला हा शब्द १९५६ साली नव्यानं मिळाला नाही, परत मिळाला.

मूळचा_भंडारा
वाशीमकरांनी पवनीचं नाव घेतलं म्हणून राहवलं नाही, माझं आजोळ पवनीजवळच. नोकरीनिमित्त काही वर्षं बँकॉकला होतो, आता जकार्तात आहे. दोन्हीकडचं सांगतो.
थाई भाषेत शब्द आहे ‘विहान’. लिहितात शेवटी र, पण थाई उच्चारात शब्दाच्या शेवटचा र हा न होतो. त्यांचा ‘वट’ म्हणजे पूर्ण आवार. त्या आवारातल्या ज्या इमारतीत बुद्धमूर्ती असते आणि सगळ्या लोकांना बसता येतं, ती विहान. भिक्खू राहतात त्या खोल्यांना वेगळं नाव, ‘कुटी’. म्हणजे तिथं विहारात भिक्खू राहत नाहीत!
कंबोडियात ‘विहिअर’, तोही वटातला मुख्य सभामंडप. त्यांचं ‘प्रेअ विहिअर’ नावाचं डोंगरावरचं मंदिर थायलंड आणि कंबोडियाच्या वादात होतं. १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते कंबोडियाचं ठरवलं. मूळ मंदिर शंकराचं आणि नाव विहार. आमच्या ऑफिसातल्या कंबोडियन सहकाऱ्याला यात काहीच वावगं वाटत नव्हतं.
इंडोनेशियात गंमत आणखी वेगळी. इथं या शब्दाची दोन रूपं आहेत. बौद्ध मंदिराला ‘विहारा’. आणि त्याच शब्दाचं जुनं, भाषेत मुरलेलं रूप ‘बिआरा’ म्हणजे कुठलाही मठ, त्यात ख्रिस्ती मठही आला. ख्रिस्ती जोगिणीला इथं ‘बिआरावती’ म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मी त्या बाईंना सांगितलं की तुमच्या नावातला अर्धा शब्द माझ्या गावचा आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

डोंगरवाट
थोडं उत्तरेचंही. बिहार राज्याचं नाव विहारावरूनच, हे बहुतेकांना माहीत असतं. आजच्या बिहारशरीफजवळ ओदंतपुरीचा महाविहार होता, त्यावरून गावाला आणि पुढे प्रांताला ते नाव मिळालं. पूर्वेकडच्या भाषांत व चा ब होतो, म्हणून बिहार. नालंदेच्या मातीच्या मुद्रांवर मात्र ‘महाविहार’ असंच आहे.
काठमांडूला गेलात तर जुन्या गल्ल्यांत ‘बहाल’ नावाचे चौक दिसतील. नेवारी लोक ‘बहाः’ म्हणतात. चारही बाजूंनी घरं, मधे चैत्य, पोरं खेळताहेत, कोणी धान वाळत घातलंय. हे सगळे जुने विहार. तिथले भिक्खू पुढे संसारी झाले, पण ती घराणी आजही विहाराची पाळीची सेवा करतात.
पश्चिमेला बल्खमध्ये, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात, ‘नवविहार’ होता. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग तिथं गेला होता. फारसीत तो ‘नौबहार’ झाला. त्याचे प्रमुख ते बरमक, मूळ संस्कृत ‘प्रमुख’. त्याच घराण्यातला याह्या बरमकी पुढे बगदादला खलिफा हारून अल रशीदचा वजीर झाला. बुखारा शहराचं नावही विहारावरून आलं असं एक मत आहे, पण ते सर्वांना मान्य नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो.

पऱ्हाटी
जय भीम. म्या शिकलेला कमी हाये, पन इहाराबद्दल बोल्ल्याशिवाय राह्यवत नाई.
ताई, आपल्या वऱ्हाडीत शब्दाच्या सुरवातीचा ‘वि’ टिकतच नाई. वीस रुपये ते ईस रुपये. विचारलं ते इचारलं. विस्तव ते इस्तो. विहीर ते इहीर. वेळ झाली ते येळ झाली. मंग विहाराचा इहार झाला तं त्यात हासासारकं काय हाये? बिहारवाल्यायनं व चा ब केला, थायलंडवाल्यायनं र चा न केला, त्यायले कोनी हासत नाई. माह्या मायनं व काढून टाकला तं ते अडानी?
माह्या मायनं सई करनं शिकलं ते बी इहारातच. रात्री निंदनावरून आली का हातपाय धुवाचे आन पाटी घेऊन थितं जाऊन बसाचं. तिच्या तोंडचा शब्द खोटा कसा म्हनू?

पाली_वाचक
पऱ्हाटीभाऊ, तुम्ही नियम अगदी अचूक सांगितलात. ‘विचार’चा ‘इचार’ होतो तसाच ‘विहार’चा ‘इहार’. अपवादानं चुकलेला उच्चार नाही तो, बोलीच्या नियमानं झालेला आहे.
आणि यावर विनयपिटकातच एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, सुंदर वाणीचे दोन भिक्खू भगवंतांकडे आले. म्हणाले, वेगवेगळ्या कुळांतले, जातींतले लोक प्रव्रज्या घेतात आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, आपण ते छंदस, म्हणजे वेदांच्या संस्कृत भाषेत घालू या. भगवंतांनी त्यांना झिडकारलं आणि सांगितलं: ‘अनुजानामि भिक्खवे सकाय निरुत्तिया बुद्धवचनं परियापुणितुं.’ आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकायला मी अनुमती देतो. जुना पाली टीकाकार बुद्धघोष यानं या ‘सकाय निरुत्तिया’चा अर्थ मागधी असा केला, पण आजचे बरेच अभ्यासक शिकणाऱ्याची स्वतःची बोली असाच घेतात. मलाही तोच पटतो.
धर्माचा धम्म, भिक्षूचा भिक्खू, स्थविराचा थेर, निर्वाणाचं निब्बान: ही सगळी लोकांच्या तोंडातली रूपं. ‘धम्म’ अभिमानानं म्हणायचं आणि ‘इहार’ला हसायचं, हे जुळत नाही. त्या मुलांना हे कोणीतरी प्रेमानं सांगा.

पैनगंगाकाठ
पऱ्हाटीभाऊ, सर, तुमचे प्रतिसाद मी मोठ्यानं वाचून दाखवले, काल महिला मंडळाच्या बायका जमल्या होत्या तेव्हा. ‘विस्तव ते इस्तो’ ऐकल्यावर सगळ्याजणी आपापले शब्द सांगायला लागल्या.

उमरखेडची_लेक
मला एका गोष्टीवर बोट ठेवायचंय. वर सगळ्यांनी भिक्खूंच्या निवासाचं लिहिलं. पण आपल्याकडच्या किती विहारांत भिक्खू राहतात? आमच्या तालुक्यात जवळपास नाहीच. वर्षावासात एखादे भन्ते आले तर चार दिवस मुक्काम, एवढंच.
मग आपल्या विहारात राहतं कोण? वस्ती राहते. सकाळी लहान पोरांची वंदना. दुपारी बचत गटाची बैठक. संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुली अभ्यासाला, कारण घरी एकच खोली आणि टीव्ही चालू. मंगल परिणय तिथं, नामकरण तिथं, कोणी गेलं तर पुण्यानुमोदनही तिथंच. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री ग्रंथवाचन. एक बाई वाचते, दुसरी ओळीखाली बोट धरून बसते. लाईन गेली की चार मोबाईलच्या बॅटऱ्या पानावर येतात, वाचन थांबत नाही. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की बायकांचे डोळे मिटू लागतात, मग एखादी मोठ्यानं ‘साधू’ म्हणते.
गावातला पाणवठा, देऊळ, काही काळ तर चावडीसुद्धा ज्यांना बंद होती, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षा घेतली आणि गावी येऊन पहिल्यांदा स्वतःची बसायची जागा बांधली. तिला त्यांनी विहार म्हटलं. थाई लोकांनी सभामंडपाला म्हटलं, नेवारींनी चौकाला म्हटलं, विदर्भानं वस्तीच्या सार्वजनिक घराला म्हटलं. कोशात हाही अर्थ छापला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.
म्हणूनच ‘मंदिर’ नको. मंदिर हा शब्द वाईट आहे म्हणून नाही. मंदिरात माणूस दर्शन घेऊन बाहेर पडतो, विहारात तो बसतो.

कारंजेकर
ताई, हे फार पटलं. एक पुरवणी: ‘आहार-विहार’ म्हणतो त्यातला विहार हा तिसराच. गीतेत ‘युक्ताहारविहारस्य’ आहे, आणि वैद्यही पथ्य सांगताना आहार-विहार सांभाळा म्हणतात. तिथं विहार म्हणजे दिवसभराचं वागणं-वावरणं.

पाली_वाचक
हो, आणि चौथा ‘ब्रह्मविहार’. मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. इथं राहायची जागा मनात आहे. मैत्रीत राहणं, करुणेत राहणं. नावाखाली एखादी ओळ घालायची असेल तर हे चार शब्द घाला, पैनगंगाताई. पुण्याच्या त्या मुलालाही चालतील.

डोंगरवाट
सगळ्यांनीच हा शब्द जसाच्या तसा घेतला असं नाही. लडाखमध्ये आपण ज्याला गोम्पा म्हणतो त्याचा अर्थ एकांत जागा, म्हणजे आपलं ‘अरण्य’. विहाराला तिबेटी शब्द वेगळा आहे, ‘त्सुगलाखांग’. चिनी लोकांनी जेतवन विहाराचं भाषांतर केलं, त्याचं जपानी रूप ‘गिओन शोजा’. क्योतो शहरातला गिओन हा भाग त्याच जेतवनाचं नाव बाळगून आहे. श्रीलंकेत ‘विहारय’ आहे आणि घासून झालेलं ‘वेहेर’ही आहे, पण गावातली माणसं देवळाला ‘पन्सल’ म्हणतात, ती आपली ‘पर्णशाला’.

पैनगंगाकाठ
कालच्या बैठकीत ठरलं. वर ‘बुद्ध विहार’, खाली ब्रह्मविहाराचे चार शब्द. शब्दकोश आणणाऱ्या मुलानंच अक्षरं आखून द्यायची जबाबदारी घेतली आहे. यंदाच्या वर्षावासात पहिल्या रात्री ग्रंथवाचनाआधी तणसाच्या ढिगाची आणि साठ विहारांची गोष्ट सांगायचीही त्यानं कबूल केलंय. पाली_वाचक सर, ती गोष्ट सोप्या मराठीत लिहून मिळेल का? ‘अड्ढयोग’ आणि ‘हम्मिय’ म्हणजे नक्की कसली घरं, हे पोरं विचारणारच.

पाली_वाचक
लिहून देतो. अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे जुन्या पाली टीकेप्रमाणे, अड्ढयोग म्हणजे गरुडाच्या पंखासारख्या वाकड्या छपराचं घर. पासाद म्हणजे आपला प्रासाद, मजल्यांचं घर. हम्मिय म्हणजे माथ्यावर खोली असलेलं घर. तुमचा स्लॅब पडलाय, वर एक अभ्यासिका बांधलीत तर हम्मियच होईल.

मूळचा_भंडारा
जाता जाता एक. थाई वटात विहानाशेजारी दुसरी इमारत असते, ‘उबोसोत’ किंवा नुसतं ‘बोत’. तिच्याभोवती आठ सीमादगड असतात आणि उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, तिथंच होते. तो शब्द ‘उपोसथ’. आपल्याकडे पौर्णिमेला उपोसथ धरतात तोच. मराठी ‘उपोषण’ही ‘उप’ अधिक ‘वस्’ याच मुळाचं ना, सर? यावर कोणीतरी धागा काढा.

पाली_वाचक
हो, तेच मूळ. आणि जैनांचा ‘पोसह’ही त्याच घरचा. कारंजेकर, हा धागा तुम्हीच काढा, तुमच्याकडे पोसह अजून कसा पाळतात तिथून सुरुवात करा.